क्लाउड चेंबर संच: पेटी घ्या, पुस्तिका मात्र दुरुस्त करून वापरा

जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर, म्हणजे एलएचसी, या सूक्ष्म कण समोरासमोर आदळवणाऱ्या यंत्रामुळे पृथ्वी कृष्णविवरात गडप होणार ही बातमी १० सप्टेंबर २००८ ला, यंत्रात पहिला झोत फिरला त्या दिवशी, आपल्या वृत्तवाहिन्यांनी पोटभर वाजवली. पृथ्वी राहिली आणि बातमीही राहिली. ५ जुलै २०२२ ला १३.६ टीईव्हीवर (टीईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं माप) टकरी सुरू झाल्या तेव्हा ती ‘दुसऱ्या जगाचं दार उघडणार’ अशी परत आली. एप्रिल २०२४ मध्ये खग्रास सूर्यग्रहणाला चिकटून आली. अधूनमधून सर्न या एलएचसी चालवणाऱ्या संस्थेच्या आवारातल्या नटराजाचा फोटो लावूनही येते.

या भीतीवर उतारा म्हणून शाळा, सोसायट्या आणि गणेश मंडळांना विकला जाणारा क्लाउड चेंबरचा, म्हणजे न दिसणाऱ्या कणांचे माग दाखवणाऱ्या पेटीचा, एक संच आम्ही इथे तपासला आहे. सोबत ३२ पानी मराठी पुस्तिका येते आणि तिचा निम्मा भाग ‘जगबुडीच्या अफवा’ या प्रकरणाला दिलेला आहे. म्हणून प्रश्न दोन. पेटी चालते का? आणि पेटीत जे दिसतं त्यावरून पुस्तिका जे सांगते ते टिकतं का? पहिल्याचं उत्तर होय, थोडं हातकाम केलं तर. दुसऱ्याचं उत्तर अर्धं होय.

संचात २० × २० सेंटीमीटर तळाची, १५ सेंटीमीटर उंचीची ॲक्रिलिकची पेटी, काळा केलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, फेल्टच्या पट्ट्या, थर्माकोलचा ट्रे, एलईडी पट्टी आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर येतो. अल्कोहोल आणि ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) आपणच आणायचे. तत्त्व साधं आहे. वरच्या फेल्टमधून अल्कोहोलची वाफ खाली उतरते. तळाचा पत्रा अतिथंड असल्यामुळे पत्र्यालगत साधारण सेंटीमीटरभर जाडीचा असा थर तयार होतो, जिथे वाफ थेंब होण्यासाठी फक्त निमित्त शोधत असते. विद्युतभारित कण त्या थरातून गेला की वाटेतल्या रेणूंचे इलेक्ट्रॉन उडवतो. मागे उरलेल्या आयनांवर थेंब धरतात आणि पांढरी रेघ उमटते. १९३२ मध्ये पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा) आणि १९३६ मध्ये म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) सापडला तो क्लाउड चेंबरमध्येच. ते शोध लावणाऱ्यांची पेटी वेगळ्या पद्धतीची होती, पण रेघ उमटण्याचं कारण हेच.

आता नेमकं काय बिघडतं ते. दहातल्या आठ पेट्या अल्कोहोलपाशी अडत असाव्यात. मेडिकलमध्ये मिळतं ते ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल इथे कुचकामी आहे. उरलेलं ३० टक्के पाणी आधी गोठतं आणि पत्र्यावर हिमाचा थर धरतं. ९९ टक्क्यांच्या वरचंच हवं. सर्किट बोर्ड साफ करायला वापरतात ते हेच, त्यामुळे पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चौकशी करावी. एका वेळेला ३० ते ४० मिलिलिटर पुरतं. फेल्ट ओलं दिसलं पाहिजे, पण त्यातून थेंब गळता कामा नये. गळणारा थेंब पत्र्यावर पडला की पुढची दोन-तीन मिनिटं थर ढवळलेला राहतो.

फेल्ट डिंकाने चिकटवून देतात, ही संचातली पहिली चूक. अल्कोहोल डिंक सोडवतं, पट्टी सुटते, आणि बरोबर प्रेक्षक जमल्यावर सुटते. पट्टीला चार कोपऱ्यांत भोकं पाडून बारीक तारेने टाचा. जास्तीचं फेल्ट रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतं.

दुसरी चूक जास्त महागाची आहे. ॲक्रिलिक आणि अल्कोहोल यांचं जमत नाही. लेझरने कापलेल्या कडांमध्ये ताण उरलेला असतो. अल्कोहोलच्या वाफेत त्या कडांना केसासारख्या बारीक भेगा पडू लागतात आणि काही वापरांनंतर बाजू धुरकट होते. निर्मात्याने कडा तापवून ताण काढलेला नाही, हे भेगा कुठून सुरू होतात त्यावरून कळतं. तात्पुरता उपाय म्हणजे प्रयोग संपला की पेटी लगेच उघडून वाळवणं. कायमचा उपाय म्हणजे फिश टँक बनवणाऱ्याकडून त्याच मापाची काचेची पेटी करून घेणं आणि ती उलटी ठेवणं. पत्रा, ट्रे आणि दिवा संचातलेच चालतात.

ड्राय आइस उणे ७८.५ अंशांवर असतो. या मापाच्या ट्रेला दोन ते तीन किलो लागतो आणि दीड-दोन तास निघतात. भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात पुरवठादार आहेत. पण गोळ्या मिळाल्या तर तशाच पसरू नका. गोळ्यांच्या मधल्या हवेमुळे पत्रा सगळीकडे सारखा गार होत नाही, आणि मग पेटीच्या एका कोपऱ्यात माग दिसतात, बाकी काळोख. जाड कापडात गुंडाळून हातोड्याने भुगा करा, ट्रेमध्ये दाबून सपाट करा, वर पत्रा टेकवा. पत्रा समतल आहे का ते पाहा. तिरका असेल तर सगळा थर एका बाजूला घरंगळतो. पेटीची खालची कड पत्र्याला घट्ट बसली पाहिजे, त्यासाठी दाराच्या फटीला लावतात ती फोमची पट्टी उत्तम. फट राहिली तर आत धुक्याचे पडदे हलताना दिसतात. प्रेक्षक त्यालाच कण समजून टाळ्या वाजवतात, हा वेगळा त्रास.

सगळं जुळल्यावर दहा ते पंधरा मिनिटं हात न लावता थांबायचं. आधी तळाशी बारीक पाऊस पडल्यासारखं दिसतं, मग रेघा सुरू होतात. खोली अंधारी हवी. दिवा बाजूने आणि अगदी खालून, पत्र्याच्या सेंटीमीटरभर वरून, सपाट मारायचा. संचातली एलईडी पट्टी झाकणाच्या आतून लावायला सांगितली आहे ते चूक आहे. वरून उजेड पडला की काळा पत्राच चमकतो आणि रेघ त्यात हरवते. पट्टी काढून बाजूच्या भिंतीला बाहेरून लावा, किंवा सरळ एक चांगला टॉर्च वापरा.

पेल्टियरची, म्हणजे विजेवर गार होणाऱ्या चकतीची, आवृत्ती दुपटीपेक्षा महाग आहे आणि ड्राय आइसची कटकट नाही, असं सांगून विकतात. आत अशा दोन चकत्या (टीईसी१-१२७०६) एकावर एक बसवले आहेत, खालच्याला १२ व्होल्ट, वरच्याला ५. ही मांडणी बरोबर आहे. खालच्या पेल्टियरला वरच्याने ओढलेली उष्णता आणि वरच्याने स्वतः निर्माण केलेली उष्णता, दोन्ही उपसायच्या असतात, म्हणून वरचा मंद चालवावा लागतो. दोन्ही १२ व्होल्टवर लावले तर पत्रा उलट कमी गार होतो. अडचण पुण्याच्या उन्हाळ्याची आहे. पत्रा उणे २५ च्या खाली गेला तरच माग नीट दिसतात. एप्रिल-मे महिन्यांत चकत्यांची उष्णता वाहून नेणारं पाणीच ३५ अंशांवर असतं, आणि मग पत्रा उणे २० च्या आसपास अडून बसतो. पंपाच्या बादलीत बर्फ टाकला की काम होतं. म्हणजे बर्फ काही सुटला नाही. शिवाय पाहायला मिळणारा पत्रा जेमतेम ४ × ४ सेंटीमीटरचा. दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला साधारण एक म्यूऑन येतो, त्या हिशोबाने मिनिटाला सोळा, आणि त्यातले बरेच उभे येत असल्यामुळे ठिपक्याएवढे दिसतात. मोठ्या पेटीत हाच आकडा चारशेचा. त्यामुळे मोठी पेटी ‘भरलेली’ वाटते आणि छोट्या पेटीसमोर माणूस वाट पाहत उभा राहतो. पेल्टियरची आवृत्ती प्रयोगशाळेत रोज चालू ठेवायला ठीक, लोकांना दाखवायला नाही.

काय दिसतं? लांब, सरळ, बारीक रेघ हा बहुतेक वेळा म्यूऑन. वेडीवाकडी, वळसे घेणारी रेघ म्हणजे कमी ऊर्जेचा इलेक्ट्रॉन. आखूड, जाड, ठसठशीत रेघ म्हणजे अल्फा कण. तो आकाशातून आलेला नाही, हवेतल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूचा आहे. पुस्तिकेत या तिन्हींना सरसकट ‘वैश्विक किरण’, म्हणजे अवकाशातून आलेले कण, म्हटलं आहे. ते खोडून टाका. अल्फा हमखास दाखवायचा असेल तर टिग वेल्डिंगची लाल टोकाची, किरणोत्सर्गी थोरियमवाली सळई आत ठेवता येते. सळई घासू नये, धार काढू नये, हाताळल्यावर हात धुवावेत आणि ती मुलांच्या हातात देऊ नये.

गणपतीत मंडपात मांडायचं असेल तर आणखी दोन गोष्टी. हे अल्कोहोल १२ अंशांनाच पेट घेईल इतकी वाफ सोडतं. आरतीचं निरांजन, उदबत्ती आणि ही पेटी एका मंडपात नकोत. आणि १ किलो ड्राय आइसचा ५०० लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड वायू होतो. तो जड असल्यामुळे खाली साचतो. तीन बाजूंनी पडदे लावलेल्या कोंदट देखाव्यात लहान मुलं पुढे उभी असतात, म्हणून खालून हवा खेळती ठेवा. ड्राय आइस झाकण घट्ट लावलेल्या डब्यात कधीही ठेवू नये, डबा फुटतो. जाड हातमोजे हवेत, आणि गाडीतून आणताना काचा खाली. भाद्रपदातल्या दमट हवेत पेटीच्या बाहेरून पाणी धरतं, तेव्हा हातात कोरडं फडकं ठेवावं.

इथवर पेटी. आता पुस्तिका.

तिचा मुख्य युक्तिवाद असा: ‘एलएचसीपेक्षा मोठ्या टकरी तुमच्या डोक्यावर सतत होत असतात, हे पाहा त्यांचे माग.’ वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे, उत्तरार्ध खोटा. पेटीतून जाणारा सामान्य म्यूऑन सरासरी ४ जीईव्हीच्या आसपासचा असतो आणि एलएचसीतली टक्कर १३,६०० जीईव्हीची (१ टीईव्ही म्हणजे १,००० जीईव्ही). सदाशिव पेठेतला एखादा काका हे बरोबर पकडेल आणि मग उरलेला तास तुमचा नाही. त्यामुळे पेटी काय सिद्ध करते ते आधी नेमकं सांगावं. अवकाशातून कण येतात, हवेवर आदळतात, आणि त्या टकरींचा चुरा आपल्या अंगातून सतत जातो, एवढंच ती दाखवते. त्यापुढचं गणिताने दाखवावं लागतं.

ते गणित पुस्तिकेत नाही. एलएचसीत दोन झोत समोरासमोर आदळतात, त्यामुळे सगळी ऊर्जा टकरीच्या कामी येते. वैश्विक कण मात्र हवेतल्या जवळजवळ स्थिर अणुकेंद्रावर आदळतो आणि त्याची बहुतेक ऊर्जा पुढे धावण्यातच जाते. म्हणून एलएचसीच्या आराखड्यातल्या १४ टीईव्हीच्या टकरीशी बरोबरी करायला अवकाशातून येणाऱ्या प्रोटॉनची ऊर्जा सुमारे १ वर १७ शून्यं इतके इलेक्ट्रॉनव्होल्ट असावी लागते (१ टीईव्ही म्हणजे १ वर १२ शून्यं इलेक्ट्रॉनव्होल्ट). असे कण येतात का? येतात. सर्नने नेमलेल्या सुरक्षा गटाने २००८ च्या अहवालात धरलेला दर घेतला, तर चौरस किलोमीटरला साधारण अर्ध्या तासात एक. पुणे महापालिकेची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या आसपास धरा: म्हणजे शहरावर साधारण दर चार सेकंदांनी एलएचसीच्या तोडीची किंवा तिच्याहून मोठी एक टक्कर. पृथ्वीच्या आयुष्यात निसर्गाने एलएचसीचा संपूर्ण कार्यक्रम सुमारे एक लाख वेळा उरकला आहे, असा त्या अहवालाचा हिशोब आहे. १५ ऑक्टोबर १९९१ ला अमेरिकेत युटामध्ये नोंदलेल्या एका कणाची ऊर्जा तर ३ वर २० शून्यं इलेक्ट्रॉनव्होल्ट होती. पेटीशेजारी हा हिशोब फळ्यावर मांडला तरच पेटीला अर्थ आहे.

पण खरी ठेच इथून पुढे लागते. जाणता शंकेखोर म्हणेल, वैश्विक टकरीत बनलेलं सूक्ष्म कृष्णविवर प्रचंड वेगाने पृथ्वीतून आरपार निघून जाईल. एलएचसीत दोन्ही झोत सारख्या वेगाने समोरासमोर येतात, तिथे बनलेलं विवर मंद असू शकतं, गुरुत्वाकर्षणात अडकू शकतं. मग तुमची तुलना कुठे राहिली? हा आक्षेप वेडगळ नाही. पुस्तिका त्याला बगल देऊन थेट हॉकिंग उत्सर्जनावर, म्हणजे कृष्णविवर ऊर्जा बाहेर टाकत आटत जातं या हॉकिंग यांच्या सिद्धांतावर, उडी मारते: सूक्ष्म विवर बनलं तरी क्षणात विरून जाईल. सिद्धांत भक्कम आहे, पण असं विरणारं विवर अजून कोणी पाहिलेलं नाही, आणि घाबरलेल्या माणसाला ‘सिद्धांतानुसार’ हा शब्द पुरत नाही.

उत्तर २००८ मध्येच गिडिंग्ज आणि मँगानो या भौतिकशास्त्रज्ञांनी दिलेलं आहे. हॉकिंग चुकले असं मुद्दाम धरून चाला. विवर विद्युतभारित असेल तर वेगाने आलेलं असलं तरी पृथ्वीच्या किंवा सूर्याच्या पोटात अडकेल, आणि अब्जावधी वर्षं असं घडूनही दोन्ही जागच्या जागी आहेत. विवराला विद्युतभार नसेल तर ते पृथ्वीतून निसटेल, पण श्वेत बटू आणि न्यूट्रॉन तारे (विझलेल्या ताऱ्यांचे उरलेले गाभे) इतके घन असतात की तिथून निसटणार नाही. त्यांच्यावरही हेच वैश्विक कण आदळतात. पृथ्वीला धोकादायक ठरेल इतक्या वेगाने वाढणारी विवरं बनत असती, तर हे तारे केव्हाच संपले असते. अब्जावधी वर्षांचे श्वेत बटू दुर्बिणीतून दिसतात. हा परिच्छेद पुस्तिकेत नसणं हा तिचा सगळ्यात मोठा दोष, कारण वाद जिंकायचा तो इथेच. विवर मुळात बनण्यासाठी अवकाशाला नेहमीच्या तिन्हींपलीकडे जादा मिती असाव्या लागतात, आणि एलएचसीवरच्या सीएमएस या प्रयोगाने शोध घेतला तेव्हा त्याला अशा विवरांची खूण सापडली नाही, हे त्यानंतर सांगावं. सीएमएसमध्ये पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेचा गट सहभागी आहे. श्रोते पुण्याचे असतील तर याचा उपयोग होतो.

स्ट्रेंजलेटची, म्हणजे नेहमीच्या पदार्थाला आपल्यासारखं करून टाकणाऱ्या काल्पनिक गोळ्याची, भीती पुस्तिकेने चांगली हाताळली आहे. ती एलएचसीच्या आधीची, १९९९ मधली, अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या आरएचआयसी या कण आदळवणाऱ्या यंत्राच्या वेळची. तेव्हा ज्यांनी ही भीती मांडली त्यांच्यापैकीच एकाने २००८ मध्ये हवाईच्या न्यायालयात एलएचसीविरुद्ध दावा लावला आणि तो त्याच वर्षी फेटाळला गेला. निर्वात कोसळण्याच्या, म्हणजे टकरीमुळे अवकाशाची पोकळीच अस्थिर होऊन विश्व बदलून जाईल या, भीतीला चार ओळी दिल्या आहेत. तेवढ्या पुरेत, कारण वैश्विक किरणांचा हिशोब तिलाही तसाच लागू पडतो.

ऊर्जेचं पान मात्र पुन्हा लिहायला हवं. ‘प्रचंड, अकल्पनीय ऊर्जा’ असे शब्द वापरून पुस्तिका स्वतःच घाबरवते. १ टीईव्ही म्हणजे उडत्या डासाची ऊर्जा. ती प्रोटॉनएवढ्या जागेत कोंबलेली असते, एवढंच तिचं विशेष. संपूर्ण झोतातली ऊर्जा मात्र खरंच मोठी असते, आराखड्यानुसार ३६२ मेगाज्यूल, आणि तिचा धोका यंत्राला आहे. म्हणून झोत नको असेल तेव्हा तो ग्रॅफाइटच्या लांबलचक ठोकळ्यात जिरवतात.

आणि १९ सप्टेंबर २००८ चा अपघात पुस्तिकेने गाळला आहे. दोन चुंबकांमधला विजेचा सांधा जळाला, सुमारे सहा टन हेलियम बोगद्यात सुटलं, चुंबक जागचे हलले आणि यंत्र नोव्हेंबर २००९ पर्यंत बंद राहिलं. कोणी जखमी झालं नाही. ही गोष्ट लपवली की नेमकी तीच फॉरवर्डमधून येते. आपणच आधी सांगितली तर खरा धोका कोणत्या जातीचा असतो ते कळतं: गार वायू, वीज, वितळलेला सांधा. २०१६ मधल्या ‘नरबळी’च्या व्हिडिओचंही तसंच. तो सर्नच्या आवारात, नटराजासमोर रात्री केलेला थट्टेचा प्रकार होता आणि सर्नने त्याची चौकशी लावली. मूर्ती २००४ मध्ये भारत सरकारने भेट दिलेली, दोन मीटर उंचीची. यात गूढ काहीच नाही.

आपल्याकडच्या भीतीबद्दल पुस्तिकेत अवाक्षर नाही, याचं नवल वाटतं. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या, न्यूट्रिनो नावाच्या सूक्ष्म कणांच्या वेधशाळेला केंद्राने जानेवारी २०१५ मध्ये मंजुरी दिली आणि ती किरणोत्सर्गाच्या, धरणांच्या, शेतीच्या काळजीत अडकली. पर्यावरणाचे प्रश्न वेगळे आणि रास्त, पण न्यूट्रिनोच विषारी असतात या समजुतीला या पेटीसमोर छान उत्तर देता येतं. सूर्याचे सुमारे साडेसहा हजार कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरमधून जातात आणि पेटीत त्यांची एकही रेघ उमटत नाही, कारण त्यांना विद्युतभार नाही आणि ते कशालाच सहसा धडकत नाहीत. कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९६५ मध्ये वातावरणातले न्यूट्रिनो पहिल्यांदा नोंदले गेले, तेही खोल जमिनीखाली मोठी उपकरणं लावून.

घ्यावा का? ड्राय आइसची आवृत्ती घ्यावी. शाळेला संचाचे ६,५०० रुपये जड वाटत असतील तर काचेची पेटी, पत्रा आणि फेल्ट सुटं घेऊन याच्याहून बरंच स्वस्तात जमतं. विकत घ्यायचं ते पत्र्याच्या सपाट, काळ्या, न चमकणाऱ्या लेपासाठी, कारण तो घरी तितका चांगला होत नाही. ऑर्डर देताना फेल्टचा जादा जोड मागून घ्या आणि पत्र्यावर ओरखडे नाहीत ना ते पार्सल उघडतानाच पाहा. ओरखडा दिव्याखाली कायमचा ‘म्यूऑन’ होऊन बसतो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी हवं असेल तर ड्राय आइसवाल्याला चार दिवस आधी सांगून ठेवा, माल त्याच दिवशी सकाळी घ्या, आणि तीन किलो लागणार असेल तर चार सांगा: थर्माकोलच्या खोक्यातही दुपारपर्यंत त्यातला बराच उडून गेलेला असतो.